हवेचा हिशेब : लोहाराच्या भात्यापासून विजेवरच्या सुपरचार्जरपर्यंत

(आसेगाव, ता. मंगरुळपीर, जि. वाशिम येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कळल्यावर पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाले, "मास्तर, शर्यतीच्या गाड्याईचा इतिहास, अन् तो आसेगावात? काहून?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आधी देतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

आमच्या ओळखीत एक तरुण मेकॅनिक आहे. हुशार पोरगा, हातात कला आहे. त्याने जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि तिचा पिकअप वाढवायचं मनावर घेतलं. मोबाईलवर एक जाहिरात दिसली : 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर, बारा व्होल्टवर चालतो, अर्ध्या तासात बसवा, ताकद वाढवा.' साडेतीन हजार रुपये गेले. डबा आला. आत प्लास्टिकच्या नळीत बसवलेला एक पंखा आणि दोन वायरी. त्याने एअर फिल्टरच्या पाइपात तो बसवला, बटण दाबलं, आवाज सुरेख आला. गाडी मात्र पहिल्यापेक्षा मंद झाली. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, खरं सांगा, इलेक्ट्रिक सुपरचार्जर असते का नसते? का हे सगळंच खोटं?"

तर मंडळी, इलेक्ट्रिक सुपरचार्जर असतो. तो खरा आहे, आणि आज काही महागड्या, वेगवान गाड्यांत बसतो. आणि पोराच्या हाती आलेला पंखाही खराच होता, फक्त तो सुपरचार्जर नव्हता. या दोन गोष्टींत फरक कुठे, हे ओळखायला इतिहास लागतो. साडेतीन हजार हे गावाकडच्या पोराचे किती दिवसांचे पैसे असतात, ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून हा विषय इथे.

सुरुवात हवेपासूनच करू. आपण म्हणतो गाडी पेट्रोलवर चालते. ते अर्धंच खरं आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळपास पंधरा किलो हवा लागते. पंधरा किलो हवा म्हणजे किती? दोनशे लिटरचे रिकामे ड्रम घ्या, साठ ड्रम भरतील एवढी. पेट्रोल जास्त ओतणं सोपं असतं, अडचण हवेची असते. पिस्टन खाली जातो तेव्हा त्याच्या पोकळीत मावेल तेवढीच हवा आत येते. दोन लिटरच्या इंजिनात दोन फेऱ्यांत मिळून दोन लिटरच. जास्त ताकद हवी असेल तर तीन मार्ग : इंजिन मोठं करा, ते जास्त वेगाने फिरवा, किंवा हवा बाहेरून दाबून आत कोंबा. हे दाबून कोंबणं म्हणजे सुपरचार्जिंग.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. लोहाराच्या भट्टीपाशी उभे राहिलेले लोक इथे बसलेत. कोळसा तोच, भट्टी तीच. भाता चालला की लोखंड लाल होतं, भाता थांबला की काळं पडतं. पण भाता आपोआप चालत नाही. त्याच्या दोरीशी कोणाचा तरी हात असतो. पुष्कळदा लोहाराच्या घरच्या बाईचा, नाहीतर पोराचा. संध्याकाळी दुखतो तो हात. म्हणजे हवेची किंमत त्या हाताने भरलेली असते.

अजून जवळचं उदाहरण घ्या. उन्हाळ्यात गावात बोअरची गाडी येते. त्या गाडीवर केवढा मोठा कॉम्प्रेसर असतो, आणि त्याला फिरवायला केवढं डिझेल इंजिन लागतं! रात्रभर धडधडतं, आणि सकाळी फुटावर हिशेब होतो. तेव्हा कोणी म्हणत नाही की हवा फुकट असते. श्वासापुरती हवा फुकट आहे. दाबलेली हवा कधीच फुकट नसते. तिचं बिल कोणीतरी भरतंच. आमच्या मते सुपरचार्जरचा दीडशे वर्षांचा इतिहास हा त्या बिलाचाच इतिहास आहे : हवा दाबायची, तर मोल कोणी मोजायचं?

या प्रश्नाचं एक फार सुंदर उत्तर आपल्या जिल्ह्यातून रोज धावत होतं, आणि आपण त्याच्याकडे त्या नजरेने पाहिलं नाही. शकुंतला! मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी आपली नॅरोगेज गाडी. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं, आणि ते १९९४ पर्यंत ओढत राहिलं. कारंज्याकडच्या ज्येष्ठ मंडळींच्या कानात तो 'झुक-झुक' आवाज अजून असेल. तो आवाज कशाचा होता?

सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ नुसतीच बाहेर सोडून देता आली असती. तसं न करता ती धुरांड्याच्या खाली एका अरुंद नळीतून वर सोडत. ती जोरात वर जाताना भोवतीचा धूर ओढून नेई, आणि धूर गेला की त्याच्या जागी भट्टीत खालून ताजी हवा शिरे. प्रत्येक 'झुक' म्हणजे भात्याचा एक दाब. इंजिनाने जास्त जोर लावला की वाफ जास्त, वाफ जास्त की हवा जास्त, हवा जास्त की आग जास्त. टाकाऊ वाफेने आपल्याच आगीचा भाता चालवायचा. हवेचं बिल उष्ट्यातून भरलं गेलं!

पण या व्यवस्थेत एक खोट होती. गाडी स्टेशनवर उभी असेल तर वाफ बाहेर पडत नाही, मग हवा ओढली जात नाही, आणि आग मंदावते. निघायच्या वेळी तर आग हवी! त्यासाठी इंजिनात एक वेगळा नळ असे, त्याला ब्लोअर म्हणत. तो उघडला की बॉयलरमधली ताजी, कामाची वाफ थोडी धुरांड्यात सोडली जाई आणि उभ्या गाडीतही हवा खेळती राही. ही वाफ मात्र फुकटची नव्हती. तिच्यासाठी कोळसा जळलेला असे. म्हणून ब्लोअर गरजेपुरताच उघडायचा आणि गाडीने वेग घेतला की बंद करायचा. हा ब्लोअर लक्षात ठेवा. शेवटी आपण त्याच्याकडेच परत येणार आहोत.

आता मोटारींकडे येऊ. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या रूट्स आडनावाच्या दोन भावांनी १८६० मध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं. पेटीत दोन पाकळ्या एकमेकींत गुंतून फिरतात आणि हवा एका बाजूने दुसरीकडे ढकलतात. तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. हे यंत्र भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवायचं. म्हणजे तोही एक भाताच, लोखंडी आणि गोल फिरणारा. मोटारीचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या गॉटलिब डाइमलर यांनी १८८५ मध्येच इंजिनात जास्त हवा दाबून भरण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे कल्पना मोटारीएवढीच जुनी आहे.

रस्त्यावर ती यायला पहिलं महायुद्ध जावं लागलं. युद्धात विमानं उंच जायला लागली, वर हवा विरळ, इंजिनांचा जीव गुदमरायचा. त्यावर उपाय शोधताना हवा दाबण्याचं शास्त्र पक्कं झालं. १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जरच्या मोटारी मांडल्या. योगायोग बघा, शकुंतलेचं इंजिन मँचेस्टरला बनलं तेच हे वर्ष. पुढे या गाड्यांना जी नावं मिळाली ती ऐका : ६/२५/४०, आणि १०/४०/६५. पहिला आकडा सरकारी कराच्या हिशेबाचा. दुसरा म्हणजे साधी ताकद, पंचवीस हॉर्सपॉवर. तिसरा म्हणजे सुपरचार्जर चालू असतानाची, चाळीस. नावातच जमाखर्च लिहिलेला!

हा सुपरचार्जर कायम चालत नसे. चालकाने अॅक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला की क्लच लागायचा, पाकळ्या फिरायला लागायच्या आणि गाडी किंचाळत पुढे झेपावायची. पाय उचलला की बंद. कारण हे यंत्र फिरायचं इंजिनाच्याच ताकदीवर. डाव्या हाताने इंजिनाकडून घ्यायचं आणि उजव्या हाताने जास्त करून परत द्यायचं. गरज नसताना चालू ठेवला तर नुसता खर्च. मर्सिडीजच्या अभियंत्यांनी १९२१ मध्येच जाणलं होतं की दाबलेली हवा मागितली तेव्हा मिळावी, आणि एरवी तिचा भार नसावा. पुढची शंभर वर्षं जग याच वाक्याभोवती फिरत राहिलं.

शर्यतीत या हवेने धुमाकूळ घातला. १९२३ मध्ये मोंझा इथे इटलीची ग्रां प्री फियाटच्या सुपरचार्जरवाल्या गाडीने जिंकली आणि मग जो तो हवा दाबायला लागला. इंग्लंडमध्ये मात्र यावरून मोठं भांडण झालं. बेंटली गाड्यांचे निर्माते डब्ल्यू. ओ. बेंटली यांना सुपरचार्जर मुळीच पसंत नव्हता. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, हा त्यांचा मार्ग. त्यांच्याच संघातला धडाडीचा चालक टिम बर्किन हट्टाला पेटला आणि साडेचार लिटरच्या बेंटलीला त्याने पुढच्या बाजूला सुपरचार्जर बसवून घेतला. ताकद साधारण ११० वरून १७५ हॉर्सपॉवरवर गेली. १९३० च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत बर्किनने मर्सिडीजचा जीवघेणा पाठलाग केला. शेवटी काय झालं? मर्सिडीज बाद, बर्किनची गाडीही बाद, आणि शर्यत जिंकली मोठ्या इंजिनाच्या, सुपरचार्जर नसलेल्या बेंटलीने. वेगाचं कौतुक बर्किनला मिळालं, हिशेब बेंटलींचा बरोबर निघाला. एवढी हवा रात्रभर दाबण्याचं बिल इंजिनाला झेपलं नाही.

त्याच दशकात ही हवा मराठी माणसाच्या दारातही आली. दार मात्र राजवाड्याचं होतं. नीरेकाठच्या होळ गावावरून ज्यांचं आडनाव पडलं त्या होळकरांचे वंशज, इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे, हे नव्या यंत्रांचे आणि नव्या कलेचे मोठे शौकीन. जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. आणि १९३० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे ही गाडी घेतली. चासी आणि इंजिन अमेरिकेचं, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांची. इंजिन आठ सिलिंडरचं, जवळजवळ सात लिटरचं. साध्या मॉडेलची ताकद कंपनी २६५ हॉर्सपॉवर सांगायची, सुपरचार्जरवाल्या एसजेची ३२०. इथला सुपरचार्जर पाकळ्यांचा नव्हता. भोवऱ्यासारखं फिरणारं चक्र हवा मधून ओढून कडेला फेकायचं. त्याला इंजिनाशी गिअरने जोडलेलं होतं.

एक गोष्ट मनात ठेवा. मर्सिडीज, बेंटली, होळकरांची ड्यूसेनबर्ग, सगळ्यांत हवेचं बिल क्रँक भरत होता. चाकांकडे जाणाऱ्या ताकदीतून. श्रीमंतांना ते परवडत होतं, कारण पेट्रोलचा हिशेब त्यांना कोणी विचारत नव्हतं.

दुसरी वाट १९०५ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी दाखवली होती. इंजिनाच्या धुरात उष्णता असते, दाब असतो, तो आपण सायलेन्सरमधून फुकट घालवतो. त्या धुराच्या वाटेत एक चक्र ठेवा. धूर त्याला फिरवेल. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं चक्र लावा. झाला टर्बोचार्जर. शकुंतलेची युक्तीच ही : उष्ट्यातून भाता चालवायचा. जहाजं, रेल्वे इंजिनं, ट्रक, आणि आज आपल्या शिवारात सोयाबीन काढायला येणारे हार्वेस्टर, सगळीकडे टर्बो पोचला, कारण तो बिल कमी करतो.

पण शकुंतलेची खोटही त्याच्या वाट्याला आली. धूर कमी तर चक्र मंद, चक्र मंद तर हवा कमी. तुम्ही अॅक्सिलरेटर दाबता, इंजिन म्हणतं, थांबा, आधी धूर तयार होऊ द्या. या थांबण्याला 'टर्बो लॅग' म्हणतात.

वाशिमच्या लोकांनी तो डोळ्यांनी पाहिलेला आहे. अकोला ते पूर्णा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला, त्याआधी वाशिम स्टेशनातून मीटरगेजच्या गाड्या जायच्या. त्यांना वायडीएम-४ जातीची डिझेल इंजिनं असत. गाडी सुटताना ड्रायव्हरने नॉच वाढवला की इंजिनातून काळ्याकुट्ट धुराचा लोट आकाशात जायचा, आणि थोड्या वेळाने धूर निवळून गाडी वेग घ्यायची. तो काळा लोट म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. डिझेल लगेच मिळालं, टर्बोची हवा मागून आली. लॅग म्हणजे काय हे कोणत्याही पुस्तकातल्या चित्रापेक्षा वाशिमच्या फलाटावर जास्त स्पष्ट दिसत होतं.

रेल्वेत पुढे आलेल्या डब्ल्यूडीजी-४ या अमेरिकी घराण्याच्या इंजिनांत याची तोड आहे. त्यात सुरुवातीला टर्बोचं चक्र दातेरी चाकांनी इंजिनच फिरवतं, आणि धूर पुरेसा झाला की एक क्लच सुटतो आणि चक्र धुरावर फिरायला लागतं. मोटारवाल्यांनीही नाना उपाय केले. लान्सियाने १९८५ च्या शर्यतीच्या गाडीत सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही बसवले : खालच्या वेगाला हा, वरच्या वेगाला तो. फोक्सवॅगनने २००५ पासून तीच जोडी छोट्या मोटारीत आणली. व्होल्वोने २०१६ मध्ये डिझेल गाडीत चक्क हवेची टाकी ठेवली. पाय दाबला की टाकीतली हवा सुटून टर्बोला पहिला धक्का देते. सगळे शोधत होते ते एकच : शकुंतलेचा ब्लोअर. पहिल्या दोन क्षणांपुरता आधार देणारा आणि मग बाजूला होणारा.

आता तुम्ही म्हणाल, गाडीत बॅटरी आहे, मोटर आहे, विजेवर पंखा फिरवायला काय हरकत? पट्टा नको, गिअर नको, धुराची वाट बघायला नको. बटण दाबलं की हवा. हा विचार फार जणांना सुचला. मग शंभर वर्षं का लागली?

इथे थोडं गणित करू. घाबरू नका, विहिरीवरच्या मोटरएवढंच गणित आहे. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरतंय असं समजा. त्याला नेहमीपेक्षा दीडपट दाबाची हवा द्यायची आहे. त्यासाठी हवा दाबणाऱ्या चक्राला अंदाजे तीन किलोवॅट, म्हणजे चार हॉर्सपॉवर लागतात. आणि इंजिन ६००० फेऱ्यांवर गेलं की त्याच्या तिप्पट, नऊ-दहा किलोवॅट. तुमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर असते ना? तेवढी मोटर, फक्त इंजिनाला धीम्या वेगात हवा द्यायला!

आता बारा व्होल्टच्या बॅटरीतून तीन किलोवॅट काढायचे तर अडीचशे अॅम्पिअर करंट लागेल. मनगटाएवढ्या नाही, तरी अंगठ्याएवढ्या जाडीच्या तारा लागतील. आणि साध्या गाडीचा अल्टरनेटर भरून काढू शकतो जेमतेम नव्वद-शंभर अॅम्पिअर. म्हणजे बॅटरी बसलीच.

आमच्या तरुण मित्राच्या पंख्याला आम्ही मीटर लावून पाहिला. साडेपाच अॅम्पिअर. बारा गुणिले साडेपाच, सहासष्ट वॅट. तुमच्या घरातला छताचा पंखा याहून थोडी जास्तच वीज घेतो. जिथे पाच एचपीची मोटर हवी तिथे छताचा पंखा! तो हवा दाबणार कुठून? इंजिन वेगात आलं की ते स्वतःच त्या पंख्यापेक्षा जास्त हवा ओढतं, आणि मग पंखा वाटेतला अडसर होतो. म्हणून गाडी मंद झाली. पोराने बसवण्यात चूक केली नव्हती. त्याला हिशेब कोणी सांगितला नव्हता.

मग खरा इलेक्ट्रिक सुपरचार्जर कसा शक्य झाला? लोकांना वाटतं कोणीतरी अफाट पंखा शोधून काढला असेल. तसं नाही. मोटर चांगल्या झाल्या, त्यांना चालवणारी इलेक्ट्रॉनिक्स चांगली झाली, हे आहेच. पण खरी कोंडी फुटली ती व्होल्टेजमुळे.

लो-व्होल्टेजचं दुखणं आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे? डीपीपासून शेवटच्या टोकाच्या शेतात रात्री मोटर लावली की ती घुरघुरते, पाणी येत नाही, करंट जास्त ओढते आणि वाइंडिंग जळतं. तेवढीच ताकद कमी व्होल्टेजवर हवी असेल तर करंट वाढतो, आणि करंट वाढला की तार तापते. नियम असा आहे की व्होल्टेज चौपट केलं तर तेवढ्याच ताकदीला करंट पावपट लागतो, आणि त्याच तारेतला उष्णतेचा नास सोळा पटींनी कमी होतो. ट्रकला दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट का करतात, त्याचं कारणही हेच.

मोटारी १९५० च्या दशकात सहा व्होल्टवरून बारावर आल्या आणि तिथेच थांबल्या. १९९० च्या दशकात बेचाळीस व्होल्टची योजना निघाली, ती बारगळली. २०११ मध्ये जर्मनीच्या मोठ्या मोटार कंपन्यांनी मिळून अठ्ठेचाळीस व्होल्टवर सहमती केली. अठ्ठेचाळीसच का? साठ व्होल्टच्या वर गेलं की विजेच्या धक्क्यापासून संरक्षणाचे कडक आणि खर्चिक उपाय करावे लागतात. त्याच्या आत राहून जास्तीत जास्त जेवढं मिळतं तेवढं घेतलं.

याच सुमारास, २०११ च्या अखेरीस, फ्रान्सच्या व्हॅलिओ कंपनीने इंग्लंडच्या एका छोट्या कंपनीकडून विजेवरच्या कॉम्प्रेसरचं तंत्र विकत घेतलं. आणि २०१६ मध्ये ऑडीची एसक्यू-७ ही डिझेल गाडी आली. तिच्यात दोन टर्बो होतेच. त्यांच्या जोडीला एक विजेवरचा कॉम्प्रेसर, अठ्ठेचाळीस व्होल्टवर चालणारा. सात किलोवॅट, म्हणजे साडेनऊ एचपी. पाय दाबल्यापासून पाव सेकंदाच्या आत तो पूर्ण वेगात येतो, आणि पूर्ण वेग म्हणजे मिनिटाला ७०,००० फेऱ्या! आमच्या मित्राच्या पंख्याच्या शंभरपट ताकद. त्याला वीज द्यायला वेगळी लिथियम बॅटरी.

पण हा सात किलोवॅटचा कॉम्प्रेसर सतत चालत नाही. टर्बो जागे होईपर्यंतचा काळ सांभाळतो आणि मग एक झडप उघडून हवा त्याला वगळून जाते. शकुंतलेचा फायरमन ब्लोअरचा नळ बंद करायचा, तेच. किंवा १९२१ च्या मर्सिडीजमधला क्लच, तोच.

मर्सिडीजनेही २०१७ मध्ये आपल्या नव्या सहा सिलिंडर इंजिनात असाच कॉम्प्रेसर बसवला. हे इंजिन घेऊन २०२० मध्ये एएमजी जीएलई ५३ ही गाडी भारतात विक्रीला आली. तिथून पुढची पायरी म्हणजे वेगळा कॉम्प्रेसर न ठेवता टर्बोच्याच दांड्यावर, दोन चक्रांच्या मधोमध, बारीकशी मोटर बसवायची. हे आधी २०१४ पासून फॉर्म्युला वन शर्यतीत झालं. तिथे तर ती मोटर उलटंही काम करायची : धूर जास्त झाला की टर्बोकडून वीज तयार करून परत द्यायची. शर्यतीतून हे तंत्र रस्त्यावर आलं, आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे विक्रीला आलेल्या एएमजी सी ४३ मध्ये ते आहे. दोन लिटरचं चार सिलिंडरी इंजिन आणि चारशेच्या वर हॉर्सपॉवर. होळकरांच्या सात लिटरच्या ड्यूसेनबर्गला ३२० होते, हे आठवा. फॉर्म्युला वनने मात्र २०२६ च्या नियमांत ही टर्बोवरची मोटर काढून टाकली. फार महाग आणि फार गुंतागुंतीची, म्हणून. बिल तिथेही आलंच.

या कहाणीला महाराष्ट्राचा धागा आहे. पिंपरी आणि पुढे चाकणला मर्सिडीजच्या गाड्यांची जुळणी होते. २००० नंतरच्या दशकात पुण्यात जुळलेल्या सी-क्लासच्या पाठीवर 'कॉम्प्रेसर' अशी जर्मन अक्षरं असायची. त्या पट्ट्यावर चालणाऱ्या सुपरचार्जरच्या गाड्या, १९२१ च्या थेट वारस. आपल्या वाशिम-अकोल्याची कितीतरी मुलं आयटीआय करून चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत नटबोल्ट आवळतात. म्हणजे ही विद्या आपल्या घरांपासून वाटते तेवढी लांब नाही.

आता शेवटचा प्रश्न, बिल कोणी भरलं? बॅटरीने, असं वाटतं. पण बॅटरी भरली कोणी? इंजिनाने, अल्टरनेटर फिरवून. किंवा ब्रेक लावताना वाया जाणारा वेग परत पकडून. म्हणजे इलेक्ट्रिक सुपरचार्जर हवा फुकट करत नाही. तो फक्त उधारीची सोय करतो : आज घे, थोड्या वेळाने सवडीने फेड. पेरणीला पीककर्ज आणि सुगीला परतफेड, तसं. उधारी वेळेवर मिळाली तर तिचं मोल मोठं असतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. आणि ती फेडावी लागते, हेही.

कदाचित या यंत्राचं आयुष्य फार मोठं नसेल. पूर्ण विजेच्या गाडीला जाळायचं काही नसतं, मग हवा कशाला? तिथे भाताच नको. डिझेल इंजिन आल्यावर शकुंतलेचा ब्लोअर गेला, तसा हाही जाईल. पण तोवर पेट्रोलच्या वेगवान गाड्यांत तो राहील, आणि त्याच्या नावावर पंखे विकणारेही राहतील.

आमच्या तरुण मित्राने मग विचारलं, "सर, मंग खराखुरा आणून बसवू का?" आम्ही म्हणालो, बाबा, नुसती हवा वाढवून भागत नाही. तेवढं पेट्रोल पुरवायला हवं, कॉम्प्युटरला ते कळायला हवं, पिस्टन आणि गॅस्केटने तो दाब सोसायला हवा, अठ्ठेचाळीस व्होल्टची वेगळी व्यवस्था हवी. नाहीतर इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टनला भोक पडतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल परस्पर करता येत नाही. म्हणून सध्या शिक. शिकायला बंदी नाही.

तो शिकतोय. त्याने तो पंखा फेकला नाही. गॅरेजच्या भिंतीवर टांगलाय, आणि खाली खडूने लिहिलंय : '६६ वॅट'. कोणी गिऱ्हाईक अशी जाहिरात घेऊन आलं की तो भिंतीकडे बोट दाखवतो.

विहिरीसाठी मोटर घेताना आपण दुकानदाराला विचारतो, किती एचपी, किती फेज, किती करंट. गाडीसाठी कोणी काही विकायला आलं तर तेच विचारा : किती व्होल्ट, किती अॅम्पिअर, आणि किती वेळ चालेल? व्होल्टला अॅम्पिअरने गुणा. पुढचं उत्तर तुमचं तुम्हाला मिळेल.

एवढं बोलून आम्ही थांबतो.  आता प्रश्न विचारा. पहिला प्रश्न त्या आजोबांचा.